हार्नेस घातला की मांजर आडवं पडतं, तेव्हा

ठाण्याहून एका ताईंनी विचारलंय. त्यांची चिंगी अडीच वर्षांची, पार्किंगमध्ये सापडलेली देशी मांजरी, आता नवव्या मजल्यावर राहते. दाराची बेल वाजली की पलंगाखाली, मिक्सर लागला की कपाटावर. तिला जरा बाहेरची हवा मिळावी म्हणून ताईंनी हार्नेस, म्हणजे दोरी अडकवायचा गळ्या-छातीभोवतीचा पट्टा, मागवला आणि नवरा-बायकोनं मिळून तिला धरून घातला. चिंगी एका कुशीवर पडली ती वीस मिनिटं हललीच नाही. मग एकदम उठली, मागे मागे सरकत त्यातून निसटली आणि रात्रभर फ्रिजमागे बसून राहिली. सासूबाई म्हणाल्या, "मांजराला कशाला वेसण घालायची?" ताईंचे प्रश्न तीन: हा नाद सोडावा का, सोडायचा नसेल तर सुरुवात कुठून करावी, आणि हाच हार्नेस पुन्हा वापरावा का.

आधी सासूबाईंना उत्तर देते, कारण त्यांचाच प्रश्न सगळ्यांत नेमका आहे. मी पुण्यात सोळा वर्षं मांजरांच्या वागण्याचं काम करतेय. हार्नेससाठी येणारी बरीच माणसं हे 'कशाला' स्वतःला न विचारताच येतात. मोबाइलवर कुणाचं तरी मांजर डोंगर चढताना पाहिलेलं असतं. चिंगी डोंगर चढणार नाही, तिला चढायचाही नाही. बसायला उंच जागा, लपायला कोपरा, खिडक्यांना जाळी आणि रोज दोन वेळा पिसाच्या काडीमागे धावायला मिळालं, तर जन्मात उंबरठा न ओलांडलेलं मांजरही मजेत जगतं. हार्नेस लागतो तो अडीअडचणीला. दवाखान्यात रांगेत बसलेलं असताना बास्केटचं दार चुकून उघडलं तर, घर बदलताना, किंवा लिफ्ट बंद आणि नऊ मजले उतरायचे अशी वेळ आली तर. शिवाय एक गोष्ट मला फार उशिरा कळली. भित्र्या मांजराला या शिकवणीचा जो फायदा होतो तो जवळजवळ सगळा घरातच होतो. रोज तीन मिनिटं हे माणूस आपल्याला विचारतंय आणि आपण नको म्हटलं की थांबतंय, एवढं पटलेलं मांजर हळूहळू बेललाही कमी दचकायला लागतं. तेव्हा नाद सोडायची गरज नाही. दार, लिफ्ट, बाग एवढं मात्र सध्या डोक्यातून काढून टाका.

आता ते आडवं पडणं. याचे व्हिडिओ बघून लोक हसतात, नाटकी आहे म्हणतात. कुणी सांगतं, तसंच घालून ठेवा, दोन तासांत सवय होते. असं करू नका. मांजर शिकारी आहे हे आपल्या लक्षात असतं, पण ते दुसऱ्या कुणाची शिकार होण्याएवढं लहानही आहे हे आपण विसरतो. अंगाभोवती एकदम काहीतरी आवळलं गेलं की त्याच्या शरीराला एकच अर्थ कळतो, पकडलं. निसटता येत नाहीसं दिसलं की निपचित पडायचं. त्या वीस मिनिटांत तुम्हाला चिंगी शांत वाटली असेल, पण ती भीतीनं गोठलेली होती. डोळ्यांत पाहिलं असतंत तर बाहुल्या काळ्याभोर, मोठ्या झालेल्या दिसल्या असत्या, कान बाजूला पडलेले, श्वास भरभर. निवांत पडलेलं मांजर मिनिटाला साधारण वीस ते तीस श्वास घेतं. चिंगी झोपलेली असताना एकदा घड्याळ लावून मोजून ठेवा, तिचा नेहमीचा आकडा माहीत असला की पुढे उपयोग होतो. तोंड उघडून धापा टाकायला लागली तर मात्र सगळं थांबवून डॉक्टरांना फोन.

पुन्हा कधी असं झालंच, तर चुचकारू नका, 'काही नाही गं बाळा' म्हणत वर वाकू नका. बकल सोडा, खाण्याचे दोन तुकडे लांब टाका आणि आपण उठून ओट्याशी जा.

'मांजर कुठे शिकतं?' असं विचारणाऱ्यांना मी एक जुनी गोष्ट सांगते. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यात भुकेलं मांजर लाकडी पट्ट्यांच्या खोक्यात ठेवायचं, खाणं बाहेर, आणि आत एखादी दोरी किंवा खटका, जो ओढला की दार उघडेल. पहिल्यांदा मांजर ओरबाडत, धडपडत केव्हातरी चुकून सुटायचं. पुढे पुढे वेळ कमी होत जायचा आणि शेवटी आत ठेवल्याबरोबर ते नेमका खटका ओढायचं. ज्या वागण्याचं फळ चांगलं ते वागणं पक्कं होतं, हा आज कुत्र्यांच्या वर्गात शिकवला जाणारा नियम मुख्यतः मांजरांवरून निघालेला आहे. चिंगीनंही त्या दिवशी दोन धडे घेतले. एक, ही दोघं मिळून धरतात. दोन, मागे सरकलं की सुटका होते. दुसरा धडा जास्त महागात पडणारा, कारण त्याला बक्षीस मिळालं. पुढचं बरंचसं काम हे दोन धडे पुसायचं आहे.

सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. दात, सांधे, लघवीचा त्रास, यातलं काही दुखत असेल तर मांजर बुजरं होतं आणि दुखणं लपवण्यात ही जात पटाईत. नसबंदी झालेली हवी, ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची एकच लस) आणि रेबीजच्या लसी वेळेवर झालेल्या हव्यात, मायक्रोचिप बसवली तर उत्तम. पिसवा-गोचिडांचं औषध मांजराचंच वापरा. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, मांजराला ते विष आहे. शेजारच्यांनी प्रेमानं दिलेला 'उरलेला अर्धा डोस' अजिबात नको.

मोबदला म्हणून उकडलेलं चिकन, मीठ-हळद काही न घालता. कांदा-लसूण तर नाहीच, मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशींवर त्याचा वाईट परिणाम होतो. तुकडा तुरीच्या डाळीएवढा. मोठा तुकडा दिला की ती चावत बसते आणि तुमची तीन मिनिटं संपतात. वेळ जेवणाच्या आधीची. रोज एकदा किंवा दोनदा, तीन ते पाच मिनिटं. रविवारी एक तास धरून बसायचं आणि आठवडाभर काही नाही, हे चालत नाही. आणि मोजमाप एकच ठेवा. तुकडा घेतेय तोवर ठीक. आवडीचं चिकन समोर असून तोंड फिरवलं, म्हणजे तुम्ही एक पायरी जास्त चढलात. निमूट मागे या.

पहिला आठवडाभर हार्नेस तिच्या वाटीशेजारी जमिनीवर नुसता पडून राहू दे. ती हुंगेल, गाल घासेल. गाल घासला की तिचा वास त्याला लागला, ती वस्तू घरची झाली. दरम्यान तुम्ही दुसऱ्या खोलीत बकल लावायची-काढायची सवय करा. माणसांना गंमत वाटते, पण मांजर दचकतं ते बऱ्याचदा त्या 'खट्' आवाजाला. बकल टॉवेलात गुंडाळून खट् वाजवा, लगेच एक तुकडा. मग टॉवेलाशिवाय, लांबून. मग जवळून. व्हेल्क्रोचा हार्नेस भित्र्या मांजराला घेऊच नये, तो चर्र आवाज तिच्या कानाखाली होतो.

मग गळ्याची कडी, म्हणजे हार्नेसचा डोक्यातून घालायचा गोल पट्टा. इथे घाई होते, म्हणून जरा थांबून सांगते. कडी मोठी सैल करून डाव्या हातात उभी धरायची, खिडकीच्या चौकटीसारखी. उजव्या हातात तुकडा, कडीच्या पलीकडे, चार बोटं लांब. डावा हात हलवायचा नाही. हेच कठीण आहे, कारण मांजराची मान पुढे आली की आपला हात आपोआप कडी सरकवून मोकळा होतो. पहिल्या दिवशी ती मान ताणून ओठांच्या टोकांनी तुकडा उचलेल आणि मिशा कडीला लागल्या की झटकन मागे जाईल. जाऊ दे. मिशांच्या मुळाशी भरपूर मज्जातंतू असतात, त्यांना लागलेली नायलॉनची पट्टी आपल्याला वाटते तेवढी किरकोळ नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मिशा मागे वळवून ती डोकं आत घालेल, कान कडीत अडतील, ती क्षणभर विचार करेल. माझ्या एका ओळखीच्या बोक्याला हा क्षणभर अकरा दिवस पुरला! बाराव्या दिवशी कान कडीच्या पलीकडे आले आणि त्यानं स्वतःहूनच पुढचा तुकडा मागितला. ज्या दिवशी मांजर तुम्ही कडी धरल्याबरोबर डोकं घालतं, त्या दिवशी अर्धं काम झालं.

छातीच्या पट्ट्याला मी आधी कापडाची पट्टी वापरते. जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला मांजरपाट असेल तर झकास, नावातही मांजर आहेच. ती पट्टी पाठीवर नुसती ठेवायची, घसरून पडू द्यायची. मग पोटाखालून घेऊन हातानं दोन सेकंद धरायची, सोडायची. याचा राग येत नाहीसा झाला की खरा पट्टा, बकल न लावता. मग बकल लावून तीन सेकंद. दहा. जेवण संपेपर्यंत. मग पिसाची काडी काढा. मांजर खेळात शिरलं की अंगावर काय आहे ते विसरतं आणि पाय मोकळे टाकतं. आडवं पडणं जातं ते या खेळामुळे.

मापाबद्दल. मांजराचं गळ्याचं हाड आपल्यासारखं खांद्याला जोडलेलं नसतं, ते स्नायूंमध्ये सुटं असतं. त्यामुळे डोकं जिथून गेलं तिथून मागचं धड काढायला त्याला फार कष्ट पडत नाहीत. गळ्याचा घेर आणि पुढच्या पायांच्या लगेच मागचा छातीचा घेर, दोन्ही शिंप्याच्या टेपनं मोजा, मगच मागवा. लहान कुत्र्याचा हार्नेस चालत नाही. घातल्यावर पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जावं. जॅकेटसारखे येतात ते जरा जास्त सुरक्षित, पण आपल्याकडच्या मे महिन्यात मांजराला उकडतं. घरातल्या शिकवणीला मी साधा, दोन कड्या आणि पाठीवर जोडपट्टी असलेला हलका प्रकार घेते. आणि निसटायची परीक्षा घरातच घ्या. खोलीचं दार लावून, समोर उभं राहून दोरी अगदी हलके ताणा. मांजर डोकं खाली घालून मागे सरकलं आणि कान बाहेर आले, तर तो हार्नेस बाद.

ही परीक्षा मी स्वतः एकदा घेतली नव्हती. काजळ माझी स्वतःची मांजरी, घरात हार्नेस घालून महिनाभर छान वावरलेली. पावसाळ्यानंतर तिला कंपाउंडमध्ये नेली. एका मुलानं सायकल पाडली. काजळ पळायला लागली, मी घाबरून तिच्या पुढे गेले आणि दोरी धरून ठेवली. म्हणजे ओढ तोंडासमोरून, तिला हवी तश्शी. दीड सेकंदात माझ्या हातात रिकामा हार्नेस. दोन रात्री ती पंपाच्या खोलीमागच्या पाइपांत होती. मी नावानं हाका मारत फिरले, तेही चुकलंच, कारण घाबरलेलं मांजर हाकेला ओ देत नाही, आणखी आत सरकतं. शेवटी पहाटे तीनला, सगळं सामसूम असताना, तिच्या खाण्याच्या स्टीलच्या डब्याचं झाकण नेहमीसारखं दोनदा वाजवलं आणि गप्प बसून राहिले. आली, धुळीनं राखाडी होऊन, पोट जमिनीला टेकवत. त्यानंतर तिला कधीच बाहेर नेलं नाही. तिला चाललं असतंही कदाचित, माझी छाती झाली नाही.

म्हणून दोरीबद्दल दोनच गोष्टी. आपण मांजराच्या पुढे जायचं नाही, मागे किंवा बाजूला राहायचं, दोरी ढिली. आणि आपोआप गुंडाळली जाणारी, प्लास्टिकच्या मुठीची दोरी नको. मूठ हातातून सुटली तर ती खडखडत मांजराच्या मागे लागते आणि मांजर जितकं पळेल तितकी पाठलाग करते. दोन मीटरची साधी हलकी दोरी पुरते. सुरुवातीला दोरीऐवजी हातभर नाडी अडकवा, शेपटीमागे काहीतरी सरपटतंय याची सवय आधी व्हायला हवी. मात्र नाडी लावून तिला एकटं सोडायचं नाही, खुर्चीच्या पायात अडकली की सगळं मुसळ केरात.

इतकं झालं की पॅसेज. आणि इथे माझा एक हट्ट आहे: मांजरानं घराच्या दारातून स्वतःच्या पायांनी बाहेर जायचं नाही. एकदा ती वाट कळली की दूधवाल्याला दार उघडलं तरी ती पायांतून सटकेल. बास्केटमध्ये बसवून न्यायचं, बाहेर बास्केट भिंतीला पाठ लावून ठेवायची, दार उघडायचं आणि आपण शेजारी जमिनीवर बसायचं. त्यासाठी बास्केट आधी घरात महिनाभर उघडी पडलेली हवी, आत तिची चादर. माळ्यावरून फक्त डॉक्टरकडे जायच्या दिवशी निघणारी बास्केट कुठल्या मांजराला आवडेल?

डोंबिवलीचा एक पिवळा बोका, चार वर्षांचा, पाहुणे आले की देवघरामागे. पाच महिन्यांनी आम्ही पॅसेजमध्ये आलो, दुपारी अडीचला, कारण तेव्हा मजल्यावर कुणी नसतं. दार उघडलं. पहिली सात मिनिटं फक्त नाक. मग एक पुढचा पाय फरशीवर, तिथेच थांबला, बोटं पसरलेली. लिफ्ट खालून निघाली तेव्हा आम्हाला काही ऐकू यायच्या आधी त्याचे दोन्ही कान तिकडे फिरले. मांजराला माणसापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीचं ऐकू येतं, आपण वीस हजार हर्ट्झला थांबतो, ते साठ हजारांच्याही पुढे जातं. लिफ्ट आमच्या मजल्यावर न थांबता वर गेली. तो मागे सरकून बास्केटमध्ये गेला, गोल फिरला आणि पुन्हा तोंड बाहेर काढून बसला. मालकिणीला वाटलं, आज फुकट गेलं. मला विचाराल तर तो आमचा सगळ्यात चांगला दिवस होता. घाबरला, परतायची जागा होती, परतला आणि आपणहून पुन्हा पाहायला आला. आता तो आठवड्यातून तीनदा शेजाऱ्यांच्या चपलांच्या स्टँडशेजारी दहा-बारा मिनिटं बसतो. त्यापुढे आम्ही गेलो नाही. जायचं कारणही नाही.

चिंगी पुढे जायला तयार दिसली, तर कंपाउंडचा एखादा बंद कोपरा, पहाटे. सोसायटीच्या बागेत सायकस आणि कण्हेर हमखास लावलेली असतात, दोन्ही विषारी. लिलीच्या कुंड्यांपासून तर लांबच. उंदरांचं औषध कुठे टाकलंय ते वॉचमनला विचारा. (आमच्याकडचे एक काका मांजर दिसलं की आडवं जाईल म्हणून थबकतात. त्यांना आधीच सांगून ठेवलं की ते गप्प उभे राहतात, हा आम्हाला फायदाच.) उन्हाळ्यात फरशीला हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहा. गणपतीच्या मिरवणुका, आणि मग दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत बाहेरचं सगळं बंद. बाल्कनीत हार्नेसनं बांधून ठेवणं तर कुठल्याच ऋतूत नको. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या प्राणी-रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये पाच महिन्यांत आलेल्या १३२ मांजरांची नोंद छापली, सगळी उंच इमारतींतून पडलेली. उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली हे लोक लक्षात ठेवतात, पण वाचलेल्यांतही छातीला मार आणि मोडलेले जबडे किती होते ते विसरतात. नवव्या मजल्यावर जाळी हवीच, हार्नेसनं जाळीचं काम होत नाही. आणि कठड्यावरून उडी मारून दोरीला लोंबकळलेल्या मांजराचं काय होतं, ते मला इथे लिहायचं नाही.

बाहेर बिथरलीच, तर उचलून छातीशी धरू नका, चेहराच फाटतो. टॉवेल टाकून, गुंडाळून बास्केटमध्ये. चावली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मांजराचे दात सुईसारखे असतात, वरून टिंब दिसतं आणि आत पू होतो.

किती दिवस लागतील, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. चिंगीसारख्यांना घरातल्या घरात दोन ते चार महिने. ही पिल्लं दोन ते सात आठवड्यांची असताना माणसांचे हात, आवाज पाहिलेली असली तर पुढे धीट होतात. चिंगीचे ते आठवडे पार्किंगमध्ये गेले, त्याला तुमचा इलाज नाही. महिनाभर रोज करूनही ती हार्नेस दिसल्यावर खोली सोडत असेल तर थांबा आणि बास्केटवरच काम करा, डॉक्टरकडे जायला तेवढं पुरतं. जाण्याआधी द्यायची शांत करणारी औषधंही असतात, तुमच्या डॉक्टरांशी बोला.

राहिला तो हार्नेस. तो वापरू नका, ज्यातून ती एकदा निसटली त्यातून पुन्हा निसटेल, आणि तो दिसला तरी तिला ती संध्याकाळ आठवेल. नवा घ्या, वेगळ्या रंगाचा, वेगळ्या बकलचा. आल्यावर पाकिटाचा वास जाईपर्यंत उन्हात ठेवा, मग चार रात्री तिच्या चादरीखाली. त्यानंतर मात्र तो धुवायचा नाही, कितीही केस लागले तरी. सासूबाईंना मी सांगितलंय म्हणून सांगा.